मागच्या गल्लीतली हवा

आदरणीय दाजी,

तुम्हांला आणि ताईला नमस्कार. आमच्या ठिणगीच्या (म्हणजे तुमच्या भाचीच्या, खऱ्या नावाने तिला आता कुणीच हाक मारत नाही) अभ्यासमंडळाची बैठक परवाच्या रविवारी आपल्या दुकानात झाली. तिचा खरा खर्च असा: शोकेसची एक काच, पातेलंभर लिंबूसरबत, मंडळाला शिकवणाऱ्या सरांचा इस्त्रीचा सदरा आणि मला सगळं कळतं हा माझा जुना समज. बदल्यात काय मिळालं ते पुढे येईल. तुमचा गुडघा कसा आहे? मुलाकडे लिफ्ट आहे हे बरं. इकडे दुकानावरचं तुमचं घर ठीक आहे, कुलूप रोज ओढून बघतो.

ठिणगी समाजाचं तत्त्वज्ञान शिकते आणि तेही टीका करणारं, हे तुम्हांला माहीत आहेच. (मी म्हटलं होतं, टीकाच शिकायची तर आईकडे शिक, फी पडणार नाही.) हवामान बदलतंय त्याला जबाबदार कोण, असा तिच्या निबंधाचा विषय. शोध घेत घेत ती थेट आपल्या मागच्या गल्लीत पोचली. आपण एसी विकतो, शोरूममध्ये चार चालू ठेवतो, आणि त्यांची गरम हवा मागे शिवणवाल्या मावशींच्या खिडकीत जाते. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हवा कुठेतरी जाणारच, आणि मावशींची कधी तक्रार नव्हती. मी हे बोलून दाखवलं आणि फसलो.

"बाबा, तक्रार करायची सोय कुणाला असते, हाच तर प्रश्न आहे," ती म्हणाली, आणि तिने माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत. दाजी, सायकलवर फिरून फ्रिज दुरुस्त करायचो तेव्हा गिऱ्हाइकांच्या शिव्या हसत खाल्ल्या, पण पोरीचं गप्प राहणं काही सोसेना.

शेवटी मीच आईमार्फत निरोप धाडला, मंडळ आपल्याकडे भरवा. माझी रीत तुम्हांला माहीत आहे: तक्रार आली की वाद घालायचा नाही, पाना घ्यायचा. जो गारवा घेतो त्यानेच गरमीही जवळ ठेवावी, असं सर ठिणगीला फोनवर सांगत होते ते मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं होतं (कान माझे अजून शाबूत आहेत). ठीक. मी मागच्या भिंतीवरची, गरम हवा ओकणारी एसीची चारही धुडं उतरवली आणि शोरूमच्या मधोमध स्टुलांवर मांडली, तोंडं खुर्च्यांकडे. मनातला बेत सरळ होता. दहा मिनिटांत उकडून निघतील, स्वतःच म्हणतील, काका, हे बाहेरच बरं. झालं ठिणगीला उत्तर.

कसलं काय. डोक्यावर गारवा, समोर भट्टी, आणि भट्टी जिंकत चाललेली. पोरांचे चष्मे नाकावरून घसरायला लागले, शोकेसची काच तडकली. सर मात्र घामाने निथळत उभे राहिले, चेहरा लॉटरी लागल्यासारखा. पृथ्वीला मागची गल्ली नसते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवतोय, म्हणाले, आणि यांनी ते बसवून दाखवलं. टाळ्या पडल्या. माझ्यासाठी, दाजी. मी नम्रपणे मान खाली घातली, दुसरं काय करणार? उठायला कुणी तयार नाही. आणि मागे मावशी खिडकी सताड उघडून बसलेल्या.

"चालू द्या तुमचं," त्या म्हणाल्या. "आज छान वारं आहे."

ठिणगी माझ्याकडे बघून फसकन हसली.

"बाबा, आम्हांला उकडून पळवणार होतात ना?"

मी म्हटलं, हो.

"मग आता तुम्हीच सांगा, ही धुडं ठेवायची कुठे?"

दाजी, किती दिवसांनी मला सरळ प्रश्न आला! उत्तर देणार तोच यंत्रांनीही मान टाकली आणि बैठक संपली. बापलेकीने उरलेलं सरबत एकाच पातेल्यातून संपवलं.

त्या दिवसापासून आपल्या दुकानात एकही एसी लागलेला नाही. दारं उघडी, गिऱ्हाइकं चकित, आणि मी मंडळाचा मानाचा सभासद. माणूस या वयातही विचारांनी बदलू शकतो, हे तुमच्या मुलालाही वाचून दाखवा.

ताईला जपा, म्हणजे ती तुम्हांला जपेल.

तुमचा मेहुणा

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुमच्या गच्चीवरून गरम हवा कुणाच्याच खिडकीत जात नाही. (पृथ्वीवरच राहते, पण त्यावर सर पुढच्या बैठकीत बोलणार आहेत.) धुडं तिथे मांडू का?

आणखी एक. मांडली आहेत. तिथली तुमची आरामखुर्ची खाली सुरक्षित आहे, मावशी बसतात तिच्यावर.

शेवटचं. एसी लावतच नाही तर गच्ची कशाला, असं ताई विचारेल. त्या रविवारी दुकानाची मेन वायर जळाली. वायरमन गुरुवारी येतोय.