पुनीताचा तुकडा

यवत, २ फेब्रुवारी

आक्का,

दिवाळीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. गुडघे कसे आहेत? मी बरा आहे, डबाही चांगला मिळतो.

माझ्या वर्गात गावातली, मेंढपाळांची आणि उत्तर प्रदेशातून गुऱ्हाळावर आलेल्यांची मुलं आहेत. शाळेत येणाऱ्या पाहुण्यांना भेट द्यायला त्यांच्याकडून एक गोधडी शिवून घेतली. प्रत्येकाने घरचं कापड आणायचं होतं. गावातून कोरे ब्लाउजपीस आले. जुनेरं पाठवली तर लोक काय म्हणतील! गुऱ्हाळावरच्या पुनीताने आईच्या साडीचा तुकडा आणला, धुऊन धुऊन मऊ झालेला. कोरं कापड आधी धुऊन घ्यायचं मला सुचलं नाही. शिवलेली गोधडी धुतली तेव्हा कोरं आटलं आणि त्याच्या ओढीने पुनीताचा तुकडा फाटला.

शाळा समितीचे आनंदराव बैठकीत म्हणाले, "गुरुजी, हे भय्याचं कुजकं काढा आधी. पाव्हण्याला गोधडी द्यायचीय का पोतेरं?"

सगळे हसले. चूक माझी होती, हे मी बोललो नाही. संध्याकाळी तुकडा उसवून दिला.

पुनीताने तो घडी करून दप्तरात ठेवला. "सर, मम्मी पूछेगी तो क्या बोलूँ?"

मी फळा पुसत राहिलो. भांडण टाळलं, असं स्वतःला समजावतो आहे. पण तुला खरं लिहितो, मी घाबरलो.

भाऊजींना नमस्कार सांग. त्यांचा खोकला थांबला का?

तुझा,
गोकुळ

ता. क. उद्या शाळेआधी गुऱ्हाळावर जाऊन पुनीताच्या आईला सांगायचं, की तिचं कापड कुजकं नव्हतं.