आप्पांची मुलाखत

२ फेब्रुवारी, रविवार
युद्धमित्र मंडळाची बैठक. जागा नेहमीचीच, दंतवैद्यांच्या दवाखान्यातली वेटिंग रूम. भिंतीवर किडलेल्या दाढेचा मोठा फोटो आहे. विषयाला शोभतो.

आम्ही सगळे ऐकतो त्या युद्धाच्या पॉडकास्टच्या नव्या भागावर चर्चा. खंदकातल्या चिखलात सैनिकांचे पाय कसे सडत. मी छान रंगवून सांगितलं. दंतवैद्य विषारी वायूवर घसरले. भूगोलाच्या बाई (निवृत्त) वही काढून ऐकत होत्या. तेवढ्यात तळटीपनं मला दोनदा दुरुस्त केलं. हा एका लायब्ररीत कामाला आहे. कुणाचंही वाक्य संपलं की खाली बारीक अक्षरात काहीतरी जोडतो, म्हणून तळटीप.

डोकं फिरलं. म्हणालो, तुमच्याकडे पुस्तकं आहेत, माझ्या घरात माणूस आहे! माझे सासरे प्रत्यक्ष युद्धावर होते. मला सगळं सांगतात.

दंतवैद्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. मी आधीच खुर्चीवर होतो.

आप्पांनी गेल्या एकोणीस वर्षांत मला सांगितलेल्या गोष्टी: वळताना इंडिकेटर द्या. आणि शर्टचं बटण चुकलंय. त्यांनी युद्धात जखमींची गाडी चालवली, हेही मला बायकोनं सांगितलं, लग्न ठरताना.

खोटं बोललो असं नाही म्हणता येणार. आगाऊ बोललो.

४ फेब्रुवारी, मंगळवार
योग म्हणतात तो हाच. येत्या सोमवारी आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, नंतर दोन आठवडे मुक्काम आमच्याकडे. बायकोनं घाबरत घाबरत विचारलं. मी म्हणालो, अगं दोन महिने राहू देत! तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

संकल्प: जेवताना युद्धाचा विषय काढायचा नाही. मुलीची तक्रार आहे.

त्याच दिवशी, जेवणानंतर
विषय आपोआप निघाला. वेढा पडलेल्या शहरात लोक चामड्याचे पट्टे उकळून खात, एवढंच म्हणालो. मुलगी ताटावरून उठली. नववीत आहे, आणि इतिहासाची ही सोसण्याची ताकद. तिचं ऑम्लेट मी खाल्लं. वेढ्यात अन्न वाया घालवत नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार
ऑपरेशन झालं. मी चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं नोकरी करतो, तेव्हा डोळा हे माझंच खातं. ड्रॉप्स मीच घालणार, असं आधीच जाहीर केलं होतं. नर्सनं पट्टी उचलून दाखवली.

पुढचं नीट आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा आप्पा त्यांच्या चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे बघत होते आणि नर्स विचारत होती, पेशंट नक्की कोण?

उपाशी होतो, म्हणून. (चार टोस्ट, पण ते सकाळी.)

रणांगणावरच्या शस्त्रक्रियांचे सहा भाग मी अंडी तळता तळता ऐकलेत. पण ऐकणं वेगळं, बघणं वेगळं. ड्रॉप्स बायको घालणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आप्पा बोलत नाहीत. चहाच्या वेळी सहज म्हणून विचारलं, युद्धात भीती वाटायची का हो? म्हणाले, साखर कमी आहे.

दंतवैद्यांचा मेसेज: मंडळाचा स्वतःचा पॉडकास्ट सुरू करू, पहिला भाग तुमचे सासरे. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे नकार. त्यांनी तो होकार धरला, त्याला मी काय करणार?

१५ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी चार
मिळालं!

बायको आणि मुलगी बूट घ्यायला गेल्या. घरात आम्ही दोघंच. फोन पेपरखाली ठेवला. सांगून ठेवला असता तर ते अवघडले असते, मोकळे बोललेच नसते. इतिहासकाराला असं करावं लागतं. बहुतेक.

आज सरळ विचारलं, आप्पा, तुमच्या गाडीत किती जण मावायचे? म्हणाले, एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आणि बोलायला लागले. बावीस मिनिटं.

मागे अकरा जखमी. पुढचा पूल तुटलेला, गाड्यांची रांग लागलेली. सकाळी अडकले ते संध्याकाळपर्यंत. मागचे लोक केबिनच्या पत्र्यावर ठोकून विचारायचे, किती वेळ? आप्पा ओरडून सांगायचे, आलं, आलं, दहा मिनिटं. दिवसभर दहा मिनिटंच. ठोकणं हळूहळू कमी होत गेलं. मग म्हणाले, “आवाज कमी झाला ना जावईबापू, तेव्हा मला बरं वाटलं. डोकं दुखत होतं माझं.”

अंगावर काटा आला. फोन चालू आहे ना, ते पेपर उचलून पाहिलं. चालू होता.

शेवटी म्हणाले, हे पोरीच्या आईलाही कधी सांगितलं नाही, पोरीलाही सांगू नका. मी म्हणालो, छे हो, माझ्या पोटात राहील. फोनचं त्यांनी काही विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
बैठकीत ऐकवलं. फक्त मंडळापुरतं. मंडळ म्हणजे घरचेच लोक.

दंतवैद्य दोनदा म्हणाले, काय मटेरियल आहे! तळटीपचं म्हणणं, त्या काळच्या गाडीत अकरा जण झोपवता येणार नाहीत, आठच. मी म्हणालो, तुम्ही मोजायला होतात का? जिंकलो. भूगोलाच्या बाई मध्येच उठून गेल्या. डोकं दुखत असावं.

दंतवैद्यांनी फाइल मागितली, पंख्याची घरघर काढायला. दिली. फक्त घरघर काढायला.

संध्याकाळी
आप्पांनी मला संत्रं सोलून दिलं. स्वतःहून. एका डोळ्यानं एकेक शीर काढत बसले होते. कालपासून माझ्याशी बरंच बोलतात. मला म्हणाले, तुम्ही ऐकून घेतलंत, हलकं वाटतंय.

पुढची फोड परत ताटलीत ठेवली. बी असावी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
दुकानात एक गिऱ्हाईक फ्रेम बघत होतं. त्याचा फोन काउंटरवर, स्पीकर चालू. आधी व्हायोलिन. मग आप्पा. “आलं, आलं, दहा मिनिटं.”

गिऱ्हाईक म्हणालं, ऐकलंत का हे? सगळीकडे फिरतंय. मी त्यांना चुकून वाचायच्या चष्म्याऐवजी गॉगल दिला.

दंतवैद्यांना फोन केला. म्हणाले, घरघर काढता काढता वाटलं, एवढं चांगलं झालंय तर लोकांपर्यंत जायला हवं. नाव नाही टाकलं हो कुठे. व्हायोलिन त्यांच्या पुतण्याचं.

लगेच भूगोलाच्या बाईंचा फोन. त्यांना मी कधी रागावलेलं ऐकलं नाही, आजही रागावल्या नव्हत्या. एवढंच विचारलं, “त्यांना पाणी दिलंत का हो तुम्ही?”

मी म्हणालो, हो, दिलं की.

कुठलं पाणी ते कळेना. स्टोअररूममध्ये जाऊन, चष्म्यांच्या खोक्यांवर बसून, पूर्ण रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं. पंधरा तारखेला मी तिथे होतो, सोळाला मंडळात वाजवलंही, पण ऐकलं आज. सोळाव्या मिनिटाला:

“जरा पाणी देता?”

“हो, देतो ना. पण ठोकणं पूर्ण थांबलं ते किती वाजता?”

मग ते सांगतात. मग पुन्हा, आवाज बसलेला:

“पाणी…”

“हो हो. आणि वास? वास कसा होता, आप्पा?”

त्यानंतर सहा मिनिटं. ते वासाचं सांगतात. खोकतात. मी मध्ये मध्ये “बापरे” म्हणतो. खूश झाल्यासारखा म्हणतो. पाण्याचा आवाज शेवटपर्यंत कुठेच नाही. मी दोनदा मागे नेऊन शोधला. पंखा आहे, रस्त्यावरचा हॉर्न आहे, पेपर उचलल्याचा आवाजसुद्धा आहे.

कदाचित रेकॉर्डिंग बंद झाल्यावर दिलं असेल.

नाही दिलं. मी लगेच डायरी लिहायला बसलो होतो. वेळ टाकली आहे वर.

१९ फेब्रुवारी, बुधवार
बायकोला तिच्या आत्याचा फोन आला. आत्यानं भावाचा आवाज ओळखला. व्हायोलिन असूनही.

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर मी काही बोललो असतो, तयारी होती. ती म्हणाली, “आमच्या घरी लहानपणी दार वाजवायला बंदी होती. बाहेरून हाक मारायची. एकदा मी बाथरूमचं दार धडाधडा वाजवलं, तर आप्पांनी मला थोबाडीत मारली. एकदाच, अख्ख्या आयुष्यात. चाळीस वर्षं मला वाटत होतं की माझंच काहीतरी चुकलं. आज आत्याच्या फोनवरून कळलं. तुझ्याकडून नाही. त्यांच्याकडूनही नाही.”

मी म्हणालो, म्हणजे एका अर्थी बरंच झालं ना.

हे वाक्य मी खरंच बोललो. लिहून ठेवतोय.

आप्पांनी बॅग भरली. काळा चष्मा मीच दुकानातून आणलेला, तोच लावला. कुणीतरी त्यांना ऐकवलं होतं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही. दाराशी मी म्हणालो, आप्पा, अहो, ते… तर म्हणाले, “दुकानाला उशीर होईल तुम्हाला.”

मुलगी त्यांच्याबरोबर गेली, ड्रॉप्स घालायला. तिला चक्कर येत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
दंतवैद्यांना क्लिप काढायला लावली. आधी म्हणाले, आता तो इतिहास आहे, तुमचा-माझा राहिला नाही. मग काढली. पण लोकांच्या फोनमध्ये गेली ती गेली. सुटलेला बाण भात्यात परत येत नाही.

मंडळ सोडलं. तळटीपचा मेसेज आला: “अकराच मावत असत. मी पुन्हा तपासलं. माफ करा.” याचं काय करू?

पॉडकास्ट बंद. संकल्प नाही, लावला की “पाणी” ऐकू येतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
उद्या आप्पांकडे जाणार. माफीचं भाषण लिहिलं, अडीच पानं. पहिल्या परिच्छेदात इतिहास आणि संवेदना यांचं नातं आहे. बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, यात तू चौदा वेळा ‘मी’ म्हणालास. मोजलं. सोळा.

पहिला परिच्छेद काढला. मग दुसरा. ‘आप्पा, चुकलो’ एवढं उरलं. ते कागदावर फारच कमी दिसतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
बेल बंद होती. दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. जिन्यात उभं राहून हाक मारली. दोन मजल्यांची दारं उघडली, मग त्यांचं.

मुलगी अभ्यासाला मैत्रिणीकडे गेली होती. आप्पांनी बसा म्हटलं आणि स्वतः पाण्याचा ग्लास आणून माझ्यासमोर ठेवला. सवय म्हणून आणला असेल. पाहुण्याला देतात. मला तो उचलवेना, आणि नको म्हणायचीही सोय नव्हती. प्यायलो. एवढ्या लाजेनं पाणी कधी प्यायलो नव्हतो.

मग म्हणालो, “आप्पा, चुकलो.”

आत बाथरूमचा नळ टपटपत होता. आप्पा म्हणाले, महिना झाला गळतोय. आधी थेंब, आता धार. वॉशर गेला असणार. मागच्या वेळी ज्यानं बदलला त्यानं हलक्या प्रतीचा घातला, तेव्हाच शंका आली होती. नळाबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोलले. मी ऐकलं. मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

पण मग राहवलं नाही. म्हणालो, आप्पा, मी बदलतो की! काहीतरी करून द्यावं असं फार वाटत होतं. पाना घेतला, फिरवला. नळाचं डोकं माझ्या हातात आलं आणि पाणी छताला लागलं. मी दोन्ही हातांनी भोक दाबून उभा राहिलो आणि ओरडत सुटलो, आप्पा, झालं, झालं, दोनच मिनिटं!

तोंडातून गेलं. पाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसेल, असं लिहिणार होतो. आलं. दारात थबकले ते मी पाहिलं.

मग एका डोळ्यावर हात धरून स्वयंपाकघरात गेले आणि मेन कॉक बंद केला. पाणी थांबलं. मी भिजून चिंब. घर शांत. आता माफीचं परत काढावं म्हणून तोंड उघडलं तर म्हणाले, “ते राहू द्या. फडकं घ्या.”

दोघांनी मिळून पुसलं. त्यांना वाकायची मनाई आहे म्हणून ते खुर्चीवर बसून बोटानं दाखवत होते, मी पुसत होतो. तिथे राहिलं. कोपऱ्यात. दाराच्या मागे. तासभर. त्या तासात आम्ही दुसरं काहीही बोललो नाही.

निघताना ओल्या बुटांत पाय घालत विचारलं, आप्पा, मी पुन्हा आलो तर चालेल का?

थोडा विचार केला त्यांनी. म्हणाले, “प्लंबरला घेऊन या.”