सरांनी निवडलेली वाट

सस्काटून,
९ मार्च

प्रिय मार्नी,

सप्रेम नमस्कार. व्हँकुव्हरला नीट पोचली असशील. इथे अजून बर्फच आहे.

हलायको सर बरे आहेत. काल घरून आलेल्या पेरोगीत, त्या बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांत, मीठ कमी म्हणून बायकोशी भांडले. ऑपरेशननंतरही नजर अजून वर जात नाही. "या वयात कुणाकडे मान वर करून बघायचंय मला?" म्हणतात.

सगळे तुझं कौतुक करतात. मीही केलं, चारचौघांत.

मेंदूच्या मध्यावरच्या गाठीपर्यंत वरून, दोन अर्ध्या भागांमधल्या फटीतून उतरायचं, ही सरांची वाट. तू ती सोडलीस. पेशंटला बसवून मागून, लहान मेंदूवरून जायला शिकलीस. मी मात्र इतकी वर्षं सरांच्याच वाटेनं गेलो. आणि त्यांच्याच डोक्यात गाठ निघाली तेव्हा मला म्हणाले, "मार्नीला बोलाव. तू तिच्या मदतीला राहा."

"माझं काय चुकलं, सर?"

"काही नाही रे. स्कॅन बघ. वरून आलास तर आधी सगळ्या शिराच आडव्या. ती त्यांच्या खालून येईल."

मला ते आधीच दिसलं होतं. तुझं नाव तेवढं तोंडातून निघत नव्हतं.

ऑपरेशनमध्ये गाठीचा वरचा काठ सोडवताना तू विचारलंस, "रसेल, इथे मोकळं आहे ना?" मी मायक्रोस्कोपच्या पडद्याकडेच बघत होतो. काठामागे निळी कड होती. मोठी शीर. आणि मी बोललो नाही. क्षणभर वाटलं, चुकू दे हिला. सरांच्या डोक्यात, मार्नी!

तू उत्तरासाठी थांबली नाहीस. रक्त धुवायला पाणी सोडलंस, शीर दिसली, हात मागे घेतलास. नंतर विचारलंस, "दमलास का रे?" मी हो म्हणालो. दमलो नव्हतो.

आज रेजायनाची एक शिक्षिका आली. गाठ तिथेच, शिराही तशाच. नवरा म्हणाला, "डॉक्टर, आम्हाला तुम्हीच हवेत." इतकं बरं वाटलं की स्कॅन पुन्हा एकदा सरांच्या वाटेनं बघून घेतला. मग त्यांना तुझा नंबर दिला. सोमवारी ते तुझ्याकडे येतील. देताना जीव जळाला, आत्ता लिहितानाही जळतोय.

त्या निळ्या कडेबद्दल सरांना काही बोललेलो नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही.

तुझ्यावर अजून जळणारा,
रसेल