जुन्या गाडीतला चंदेरी कागद

भिसेगाव, मंगळवार संध्याकाळ

लग्नानंतर पहिल्यांदा पळसदरीला जाताना ह्याच गाडीचे दिवे गेले, तेव्हा ह्यांनी माझ्या चॉकलेटचा चंदेरी कागद जळक्या फ्यूजला गुंडाळला. दिवे लागले. मला केवढं कौतुक वाटलं होतं.

आज मिस्त्रीने तसाच कागद काढून दाखवला. "काकी, असा फ्यूज जळायचा नाय, वायर पेटंल. फ्यूज बरोबर मापाचा पायजे, वायरिंगपण नवं."

"चाळीस वर्षांत पेटली का रं?" म्हणत ह्यांनी तो कागद परत बसवला.

रविवारी ह्याच गाडीने पळसदरीला जायचंय, मला ह्यांच्या शेजारी बसावंच लागेल. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी सगळं शिकवलं, नवऱ्याला नाही म्हणायचं तेवढं राहिलं.

आमच्यामागे माझ्या बांगड्या मीनूला, लेकीला. गाडी मात्र तिला नको. मिस्त्रीला द्यावी, तो आधी वायरिंग बदलेल.