गेनूआबांनी मोडलेला घास

९ फेब्रुवारी १९५८, रविवार

भिवा सुटला. सकाळी येरवड्याच्या फाटकाशी मी आणि त्याची बायको काशी, दोघंच. कैद्यांसाठीच्या आमच्या मदत मंडळाचा नियम आहे, सुटणाऱ्या माणसाला फाटकापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत आपल्यातल्या कुणीतरी न्यायचं. बाकीचे सभासद नियम करतात, मी नेतो. पेन्शनर ना!

भिवाने चुलतभावाला मारलं होतं, किसनला. चिखलीच्या सामाईक विहिरीवर, मोटेची पाळी कुणाची यावरून. फावड्याचा एकच घाव. मी तेव्हा कोर्टात शिरस्तेदार. निकालाचा कागद माझ्याच हाताखालून गेला. तेव्हा पिंजऱ्यात उभा होता, आज चिंचवडला माझ्या ओसरीवर बसला. वाळलाय. मान वर करत नाही.

सौ.ने पानं वाढली, शिरा केला होता. काशी जेवली. भिवा हात जोडून बसून. "आदी भावकीला जेवाण घालतो रावसाहेब, मंग गोडाला हात लावीन." तुरुंगात हातमागावर राबून मिळालेलं सगळं त्यासाठीच राखलंय म्हणे. मी म्हटलं, खुळा आहेस. सौ.ने मुकाट्याने शिरा काढून भाकरी वाढली. वर मलाच डोळ्यांनी दटावलं. का, कोण जाणे.

१२ फेब्रु., बुध.

सायकलने चिखली. आकुर्डीच्या पुढे नुसता फुफाटा, धोतराची पार रया गेली. मारुतीच्या पारावर भावकी जमलेली. मधे गेनूआबा. किसनचे वडील, म्हणजे भिवाचे सख्खे चुलते. म्हातारा तोलून बोलतो.

"भिवानं जेवाण घालावं. पयला घास मी मोडीन. त्यो घास किसनाची बायकू, सुंदरा, खाईल. तिनं खाल्ला का समद्यांनी हात घालायचा. मिटलं."

झालं, माझं डोकं सणकलं. उठलो नि बोलत सुटलो. सरकारने शिक्षा दिली, याने भोगली, हिशेब संपला. आता भावकीचं आणखी वेगळं कोर्ट कशाला? जेवणावळ म्हणजे दुसरा दंडच की. स्वराज्य आलं, अजून तुमचं हेच? वगैरे वगैरे. भिवा मागून सदरा ओढत होता, "ऱ्हाऊ द्या रावसाहेब, घालतो की मी." त्यालाच गप्प बसवला.

गेनूआबा सगळं ऐकून उठले. "बरं. ऱ्हायलं." काठी घेतली नि चालते झाले.

येताना वारा पाठीवर होता. सायकल कशी पळत होती. फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१६ फेब्रु., रवि.

मंडळाची सभा, पुण्यात. चिखलीची हकिकत सांगितली. अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. "असा खमका माणूस प्रत्येक गावात हवा." चहाबरोबर चिवडा होता.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "त्या सुंदराला कुणी विचारलं का, तुला काय वाटतं म्हणून?" मी म्हटलं, तिचा इथे काय संबंध. ती निवडत राहिली.

३ मार्च, सोम.

परवाच्या चाकणच्या बाजारात भिवाने म्हैस घेतली. कल्पना माझी. जेवणाचे पैसे असे कामी आले. पिंपरीच्या नव्या कारखान्याकडे वस्ती वाढते आहे, दूध खपेल. आजपासून आमच्याकडेही त्याचंच. दूध दाट. सौ.लासुद्धा खोट काढता आली नाही.

विचारलं, खूश ना? "व्हय." पण तो सगळ्यालाच व्हय म्हणतो. तुरुंगातली सवय.

१९ मार्च, बुध.

चिखलीत एकही घर भिवाचं दूध घेत नाही. फुकट दिलं तरी नाही. शेजारच्या बारशाला काशी पाळण्याशी उभी राहून आली, घुगऱ्या दिल्या नाहीत कुणी. भिवाने सांगितलं नाही, काशीने सांगितलं, ओसरीवर डोळ्याला पदर लावून.

तडक गेलो. पारावर चारचौघांना सुनावलं, वाळीत टाकणं हा आता कायद्याने गुन्हा आहे, फिर्याद ठोकीन. एक जण हसून म्हणाला, "आमी कुटं वाळीत टाकलं? रामराम करतो, इचारपूस करतो. निस्तं जेवत न्हाई. जेवाय लावायचा बी कायदा हाय का साहेब?"

तीस वर्षं कोर्टात काढली. असं कलम कुठे पाहिलं नाही. गेनूआबा पारावर नव्हते. त्या दिवसापासून ते पारावर येतच नाहीत म्हणे.

६ एप्रिल, रवि.

वाईट बातमी. भिवाची मुलगी चंद्रा, तिची सोयरीक थेरगावला ठरली होती. भिवा आत असतानाच काशीच्या भावाने जमवली, मुलाकडच्यांना सगळं ठाऊक होतं. वैशाखात लग्न. काल त्यांनी सुपारी परत पाठवली.

दुपारीच थेरगाव गाठलं. मुलाचा बाप माणूस सज्जन. पाट दिला, गूळपाणी दिलं. मी म्हटलं, खुनाचं तुम्हाला आधीच माहीत होतं ना? मग आता काय झालं?

"रावसाहेब, त्याच्या हातून झालं, त्यानं भोगलं, आमची ना न्हवती. पर सुटून आल्यावर भावकीला जेवाण घालायचं कबूल हुतं. आता ऐकतो, त्यानंच न्हाई म्हटलं. साहेब आणून कायदा दावला. जो माणूस आपल्या मेलेल्या भावाच्या बापाम्होरं वाकत न्हाई, त्याच्या घरची पोर कशी करावी?"

त्याने नाही म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. हे सांगायला तोंड उघडलं आणि... सांगितलं नाही. पाणी प्यालो. उठलो.

सांगायला काय झालं होतं! जीभ झडली होती का?

१० एप्रिल, गुरु.

चार दिवस भिवा येतो, दूध मापतो, जातो. एका शब्दाने मला बोलत नाही. बोलला असता तर बरं. आज मीच विचारलं, चंद्रा कशी आहे? "हाय." मग भांडं उचलता उचलता म्हणाला, "येरवड्यात बरं हुतं रावसाहेब. पंगतीला शेजारी मानूस असायचा."

एवढं बोलून गेला. मी ओसरीवरच. सौ. बाहेर येऊन शेजारी बसली. म्हटलं, माझ्यामुळे झालं सगळं. वाटलं ती म्हणेल, नाही हो. म्हणाली, "हो."

जेवण गेलं नाही.

१३ एप्रिल, रवि.

गेनूआबांकडे गेलो. पारावर नव्हे, घरी. वाकून नमस्कार केला. म्हातारा दचकला. माझ्याहून फार मोठे नसतील, पण पाठ पार गेली आहे.

म्हटलं, आबा, माझं चुकलं. भिवा जेवण घालायला तयार होता. मी आडवा आलो. त्याला शिक्षा नको.

आबांनी हातातली विडी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुमाला वाटलं आमी दंड मागतुया. आवं, भात काय आमच्या घरात न्हाई? माझं पोरगं ज्यानं मारलं त्याच्या हातचं खायाला मला जीव किती घट करावा लागला आसंल? मीच मला समजावलं, वर्सानुवर्सं. मंग सुंदराला समजावलं. ती तर ऐकतच न्हवती. शेवटाला व्हय म्हणली. आन तुमी आला, आन म्हणला हिशेब संपला."

माझे डोळे भरले. लाज वाटली त्याचीसुद्धा, रडायचा हक्क मला कुठला.

सुंदरा अंगणात शेण्या थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "हिशेब संपला म्हणला न्हवं? मंग आता जेवाय कशापायी बोलावता?" हात धुतले नि आत गेली. दार लोटलं.

आबा म्हणाले, "भिवाला म्हणावं जेवाण घाल. मी येईन. वाढाय तुमी यायचं. जेवाण मोडलं त्यानं वाढावं. सुंदराचं मी सांगत न्हाई."

२० एप्रिल, रवि.

आधी थेरगावला गेलो. मुलाच्या बापाला आज सांगितलं, भिवाने नाही म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं! म्हणाला, "त्या दिवशीच का न्हाई बोलला?" वैशाख संपेपर्यंत थांबतो म्हणाला, पण सुंदरा जेवल्याचं कळलं तरच.

भिवाने म्हैस विकली. कालचा चाकणचा बाजार. मी म्हटलं, जेवणाचा खर्च मी करतो. पहिल्यांदा त्याने मान वर केली. "न्हाई रावसाहेब. ह्ये माझं मलाच घालू द्या."

दरवेळी मी मधे. आतासुद्धा निघालोच होतो मधे पडायला.

मंडळाला काही कळवलेलं नाही. कळवायला हवं. टाळ्या वाजल्या होत्या ना.

२७ एप्रिल, रवि.

आज जेवण झालं. झालं म्हणावं की नाही ते ठाऊक नाही.

भिवाच्या अंगणात मांडव. पत्रावळ्या, भात, आमटी, लापशी. भावकी आली. गेनूआबा पहिल्या पानावर. सुंदरा आली नाही. तिच्या घराचं दार इथून दिसतं, उघडं होतं, ती दिसत नव्हती. मी धोतर खोचून लापशी वाढली. उभ्या जन्मात पंगतीत वाढलं नव्हतं, घरी सौ. एक वाटी उचलू देत नाही. आबांच्या पानावर वाढताना थोडी पत्रावळीबाहेर सांडली. त्यांनी बोटाने आत ओढून घेतली.

सगळ्यांचे हात मांडीवर. भिवा खांबाशी हात जोडून. चंद्रा दाराआड, नुसता पदर दिसत होता.

आबांनी लापशीचा घास मोडला. तोंडाशी नेला नाही. हातात धरून त्याच्याकडे बघत बसले. मग उपरण्याच्या पदरात बांधला, गाठ मारली, उठले आणि सुंदराच्या दाराकडे चालू लागले. आत गेले, मागे दार लावून घेतलं.

पंगत तशीच. कुणी म्हणालं, "आबांनी घास मोडला न्हवं का?" दुसरा म्हणाला, "मोडला, खाल्ला कुटं? सुंदराचं कळू द्या." बसून राहिले सगळे. आमटी गार. दार उघडेना. उन्हं कलली तशी जनावरांची वेळ झाली, एकेक उठला. कुणी वावगं बोललं नाही, पत्रावळी कुणी उधळली नाही. "बघू सकाळी," म्हणाले आणि गेले. भिवा खांब सोडेना. मी वाढलेलं सगळं पानापानांवर तसंच.

निघताना भिवाला काहीतरी बोलावं म्हणून जवळ गेलो. तोच म्हणाला, "आबा आलं. माझ्या दारात बसलं. बगा." आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडलो. त्याला धरून.

२८ एप्रिल, सोम.

काही कळलं नाही.

भिवा आलाच नाही. येईल कशाला, दूध कुठे आहे? रोज त्याच्या भांड्याबरोबर चिखलीची खबर यायची, ती म्हशीबरोबर गेली.

३० एप्रिल, बुध.

पहाटे उठून सायकल पुसली, हवा भरली. जातो, आबांना विचारतो, सुंदराने खाल्ला का? नुसतं विचारून येतो. सौ. दारात उभी राहिली. "आणि तिने खाल्ला नसेल तर? तुम्ही विचारायला आलात म्हणून खाईल? की आलात म्हणून खायची राहील?"

तिच्या अंगणात माझ्यासारखा माणूस पुन्हा उभा राहायचा, टोपी घालून. खाल्लंस का बाई? मला माझीच शिसारी आली.

सायकल भिंतीला टेकवली. जात नाही. बातमी येईल तेव्हा येईल, आली नाही तर आली नाही. माझ्यासाठी थोडंच मोडलाय तो घास.

बाहेर जरा कुणाची चाहूल लागली की उठून बघतो. दोनदा पोस्टमन, एकदा शेजारची गाय.

सौ.ने विचारलं, नवा दूधवाला लावू का? म्हैस विकली हे तिलाही ठाऊक आहे, मलाही. म्हटलं, थांब अजून थोडे दिवस. तिने कोरा चहा केला, दोघांनी प्यायला.