विसावं नाव

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
नळदुर्ग, ८ सप्टेंबर २०२५

चि. गौरीशंकर यास दाजींचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरकडं दिलं आहे. शाळेत क्लार्क झालास तसा लई मोठा झालास. तुझी भाची शिवप्रिया नववीपर्यंत तुमच्याकडं शिकली, जूनमध्ये इथं दहावीत आली. दाखला तूच तिच्या हातात दिलास. पण इथले हेडमास्तर सांगतात, पोर्टलवर ती अजून तुमच्याच शाळेत आहे. त्यांनी तीनदा विनंती पाठवली, तुझं उत्तर नाही. तिकडून नाव सुटल्याशिवाय बोर्डाचा फॉर्म भरता येत नाही आणि मुदत पंचवीस तारखेपर्यंतच आहे. पोर धड जेवत नाही. तुझी अक्का म्हणते, यंदा भावाला शेंगापोळी नाही.

लोभ आहेच, पण आधी बटण दाब.
महांतेश

उंबरसांगवी, ११ सप्टेंबर

ती. दाजींच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

साइट बंद होती असं लिहिणार होतो, पण तुमच्याशी खोटं लिहवत नाही. नववी-दहावीच्या पटावर शिवप्रियाला धरून वीस नावं आहेत. तीस तारखेला पट मोजतात. वीसच्या खाली गेलो तर गणिताच्या पौर्णिमाबाईंचं पद जातं. मग उरलेल्यांना शिकवायचं कुणी? तेवढी तारीख जाऊ द्या. फॉर्मची मुदत दरवर्षी वाढतेच. अक्काला समजावा.

रागातही लोभ असू द्यावा.
गौरीशंकर

नळदुर्ग, १४ सप्टेंबर

गौरीशंकर, शरणु शरणार्थी.

सकाळच्या पूजेत चित्त लागलं नाही. तळहातावर इष्टलिंग आणि डोळ्यांपुढं तुझं रजिस्टर. पौर्णिमाबाई जाव्यात असं मलाही वाटत नाही. पोरीचं गणित त्यांनीच सुधारलं. पण त्यासाठी भाचीचं वर्ष पणाला लावायचं? वाढेल म्हणून मी मुदतीवर विसंबू?

शिवप्रियानं मला जे विचारलं, तेच तुला विचारतो. तुमच्याच गल्लीतल्या निकिताला गेल्या वर्षी आठवीनंतर आईनं घरी बसवलं. तिला आणायला कुणी का गेलं नाही? गाव सोडून गेलेली पोर धरून ठेवलीस आणि दारासमोरची दिसली न्हाय व्हय रे?

राग माझा, आशीर्वादही माझाच.
महांतेश

उंबरसांगवी, १८ सप्टेंबर

ती. दाजींना शि. सा. न.

काल सकाळी शिवप्रियाचं नाव सोडलं. तुमच्या हेडमास्तरांना आजच फॉर्म भरायला सांगा. आधी नाव सोडलं, मग निकिताच्या आईकडं, सिताबाईकडं गेलो, हे मुद्दाम लिहितो.

तिनं पाणीही विचारलं नाही. दीड वर्ष पोर घरात बसली तवा कुणाला आठवली न्हाय, आता तुमचा आकडा भरंना म्हणून आलात व्हय, असं दारातच सुनावलं. मी मान खाली घालून व्हय म्हणालो. मग सोमवारपासून पाठवते म्हणाली, पण एका अटीवर. पट मोजून झाल्यावरही पोरगी एक दिवस जरी शाळेत दिसली नाही, तर क्लार्कनं स्वतः घरी येऊन विचारायचं.

कबूल करून आलो आहे. माझ्यावर लक्ष असू द्यावं.
गौरीशंकर