‘पिवळा बल्ब’चा सत्कार

४ फेब्रुवारी
अर्जुनदादांनी मोठी जबाबदारी टाकली. त्यांची पोरगी संस्कृती पुण्यात शिकली, आता नोकरीसाठी तिथंच राहायचं म्हणते. पण ती ‘पिवळा बल्ब’ नावाच्या रॉक बँडच्या शोला जाते हे कळल्यापासून दादांचा जीव थाऱ्यावर नाही. मला म्हणाले, आदिनाथ, तू जा, डोळ्यानं बघून ये, मग ठरवू पोरीला ठिवायचं का आणायचं. म्हणजे पोरीचं सगळं माझ्या रिपोर्टवर. निर्भय माणूस म्हणून माझी निवड झाली. (चुलत भाऊ अमरसिंहला वेळ नव्हता.)

५ फेब्रुवारी
मोबाईलवर बँड पाहिला. लई फेमस आहे. गाणारा ओरडतो तेव्हा मानेच्या शिरा टरारतात. बॅटरी वाचवायला मोबाईल बंद केला. बॅटरी ऐंशी टक्के होती.
संकल्प : घाबरायचं नाही.

७ फेब्रुवारी
झोप नाही. पित्त असणार. एवढ्या नावाजलेल्या लोकांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? आमच्या तलवाडे गावात वीस वर्षं सत्कार-समारंभांचं सूत्रसंचालन करतोय. शाल, श्रीफळ, फेटा घेतला. सत्काराला माणूस वाकतो, आणि वाकलेला माणूस अंगावर येत नाही.

८ फेब्रुवारी, दुपारी ४, पुणे
क्लब तळघरात. जिना एकच, पायऱ्या एकोणीस. दारावरच्यानं नारळ काढून घेतला. फेकून मारता येईल अशी वस्तू आत चालत नाही म्हणाला. म्हणजे आत फेकाफेकी होते! दोन पायऱ्या परत वर आलो. एसी फार होता.
आत एकही खुर्ची नाही. सभेत खुर्च्या कधी उचलतात हे मला चांगलं माहीत आहे. मारामारीची खबर असली की. सोबत आलेली संस्कृती म्हणाली, काका, इथं उभ्यानंच ऐकायचं असतं. पहिल्या रांगेतल्या सोफ्याचं विचारणार होतो, ते राहूनच गेलं.

४.४०, बाथरूम
लपलेलो नाही. नोंदी करायला उजेड लागतो. भिंत धडधडतेय की माझी छाती, कळत नाही. पुढचं गाणं सुरू झालं की बाहेर.

४.५५
तीन गाणी झाली. आता नक्की.

९ फेब्रुवारी, एसटी
कालचं सविस्तर लिहितो. बाहेर आलो. गर्दी दोनशेची, अंधार, छत डोक्याला टेकेल एवढं खाली. संस्कृती कुठंतरी पुढं. एकाएकी मधले लोक मागं सरकले आणि गोल जागा मोकळी झाली. आपल्याकडे गर्दीनं गोल केला म्हणजे सत्काराची वेळ झाली. मी शाल उलगडली, फेटा काखेत धरला आणि मधोमध जाऊन उभा राहिलो. गाणाऱ्यानं तीनपर्यंत आकडे मोजले आणि चारी बाजूंनी पोरं माझ्यावर धावली.
मेलो. खरंच वाटलं, संपलं. डोळे मिटून बायकोचं नाव घेतलं.
कोणीतरी कॉलर धरून ओढलं. संस्कृती! एका हातात मी, दुसऱ्या हातानं पोरांना ढकलतेय, आणि थेट दादांच्या आवाजात ओरडतेय, सरका मागं, माजे काका हायत ते. बँड थांबला. एकानं माझी चप्पल शोधून दिली. गाणाऱ्यानं स्वतःची पाण्याची बाटली दिली. सगळे ‘काका, काका’ ओरडले. तो गोल एकमेकांवर आदळून नाचायला करतात, हे संस्कृतीनं नंतर सांगितलं.
सत्कार व्यवस्थित पार पडला. शाल मात्र माझ्याच अंगावर घातली, कारण मी कापत होतो.

१० फेब्रुवारी
नऊ पानी रिपोर्ट तयार. निष्कर्ष : वातावरण धोक्याचं. माझ्यासारखा खंबीर माणूस सोबत असल्याशिवाय पोरीला पुण्यात ठेवू नये.

११ फेब्रुवारी
दादांनी रिपोर्ट उघडलाच नाही. क्लबात कुणीतरी काढलेला व्हिडिओ आधीच गावात पोचलाय. त्यात मी ‘विजयमाला’ म्हणून हंबरडा फोडलेला स्वच्छ ऐकू येतो. खुद्द विजयमालानं चहा ठेवला आणि बराच वेळ पाठमोरीच उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.
दादांनी तीनदा पाहिला. मग म्हणाले, पोरगी ऱ्हाऊ दे पुण्यात. एवढ्या गर्दीतनं तुला धरून भाईर काढलं तिनं. तिची काळजी मिटली. आता तुजी लागली.
दादा पुढंही काहीतरी म्हणत होते. त्या बँडच्या आवाजामुळं डाव्या कानानं अजून नीट ऐकू येत नाही, असं सांगून मी उठलो.